चौथ्या टाकीतले मासे

४ फेब्रुवारी

आजपासून नवा विभाग सुरू. विभाग हा शब्द जरा मोठाच झाला. मजल्याच्या टोकाला एक खोली आहे, परवापर्यंत तिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवत असत. दारावर अजून 'सामान' अशीच पाटी आहे. आत एक यंत्र, ते चालवणारा आणि मी. त्याला सगळी प्रयोगशाळा यंत्रोबा म्हणते, कारण सुरू करायच्या आधी तो यंत्राशी हलक्या आवाजात काहीतरी बोलतो. काय बोलतोस, असं विचारलं तर म्हणाला, "घरच्या गोष्टी आहेत. बाहेर सांगायच्या नसतात."

काम असं: टाक्यांमध्ये पाळलेले मासे आणि त्यांचं खाद्य तपासायचं. कशासाठी, तर वर्षानुवर्षं नाहीशी न होणारी रसायनं त्यात उतरली आहेत का ते बघायला.

आमचे संचालक फीत कापायला आले. पाठीमागे सगळे त्यांना आत्तासाहेब म्हणतात, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट आत्ता हवी असते. कात्री खाली ठेवायच्या आत विचारलं, "पहिला अहवाल कधी?"

"सर, आत्ता तर दार उघडलंय."

"तेच म्हणतोय मी. उघडलंय ना?"

मी स्वतः निवडून मागवलेले नवे एप्रनही आजच आले. गर्द निळे, अंगाला हलके. माशाचं रक्त, तेल, पाणी, काही म्हणजे काही धरत नाहीत. नळाखाली धरले तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून गेले. यंत्रोबा पाणी टाकून टाकून बघत बसला, शेवटी मीच हाकलला. या विभागात निदान एक गोष्ट पहिल्या दर्जाची आहे, याचं बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

पहिलं मत्स्यपालन केंद्र. गोदामांच्या मागे चार मोठ्या गोल टाक्या, वर जाळी, हवेच्या पंपांची अखंड घरघर. मालकीणबाई साठीच्या असतील. अंगाने काटकुळ्या, पायात पुरुषी गमबूट. इथं मी त्यांना टाकीकाकू म्हणणार आहे.

या भागातल्या सगळ्या मत्स्यपालकांना आरोग्य खात्याने अहवाल येईपर्यंत विक्री थांबवायला सांगितली आहे. आकडा मर्यादेच्या वर आला तर मासे पुरून टाकायचे. त्यामुळे आमचं स्वागत कसं झालं हे सांगायला नको.

"नीट धरा हो," काकू यंत्रोबावर ओरडल्या. "माझे मासे काय चोर आहेत, असे मानेला धरायला?"

"काकू, माशाला मान कुठं असते?"

"तुम्हाला तरी कुठंय?" यंत्रोबा खरोखरच बिनमानेचा आहे. मला हसू आवरेना.

मग मी कोऱ्या नमुन्याची बाटली काढली. ही आमची पद्धत. अगदी शुद्ध पाण्याची बाटली बरोबर न्यायची, माशांचे नमुने घेताना तिथेच उघडायची, बंद करायची आणि माशांबरोबर तीही तपासायची. तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलं तर समजायचं, घाण आपणच बरोबर नेली होती.

काकूंनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे ही तुमची परीक्षा?"

"हो."

"बरंय. कुणीतरी घेतं तुमची."

निघताना गाडीपर्यंत आल्या. विचारलं, "ही जी काय रसायनं आहेत, ती नेमकी येतात कुठून?" मी सांगितलं, माणसांनीच बनवली. पातेल्याला काही चिकटू नये, कपड्यावर पाणी ठरू नये, डाग पडू नये म्हणून. वस्तू झिजते, फाटते, पण रसायन तसंच राहतं. पाण्यात जातं, माशात जातं. त्यांनी नुसती मान हलवली. मग म्हणाल्या, "माझी लेक सध्या इथेच राहायला आलीय," आणि पुढे बोलल्याच नाहीत. वाक्य अर्धं टाकायची सवय असावी.

१७ फेब्रुवारी

आकडे आले. चारही टाक्यांतले मासे मर्यादेच्या वर. खाद्यात थोडंसं.

आणि कोऱ्या नमुन्यातही आहे.

यंत्रोबा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग यंत्राला म्हणाला, "असं करतात होय?"

आत्तासाहेबांचं म्हणणं, कोऱ्याचा आकडा माशांच्या आकड्यातून वजा करा आणि अहवाल पाठवा. "वजाबाकी येते ना तुम्हाला?"

"येते सर. पण वजा करायला तो आकडा ठरलेला तर हवा. आम्ही तीन कोऱ्या बाटल्या तपासल्या, तीन आकडे आले. यातला कुठला वजा करू?"

"मधला."

गंमत करत होते की काय, कळलं नाही. मी नाही म्हटलं. नव्या विभागाचा पहिलाच अहवाल आणि तो मी अडवून बसलेय. पण खरं सांगायचं तर त्या माशांत काही आहे की नाही, हे मला आज माहीतच नाही. माहीत नसताना चार टाक्या पुरायला सांगू? किंवा खा म्हणून सांगू?

१९ फेब्रुवारी

यंत्राच्या नळ्या बदलल्या. काचेची सगळी भांडी पुन्हा धुतली. शुद्ध पाणी दुसरीकडून आणलं. तरी कोरा नमुना कोरा येत नाही.

टाकीकाकूंचा फोन. अहवालाची घाई करतील असं वाटलं होतं, पण विचारलं भलतंच. "मॅडम, हे रसायन खाणाऱ्याच्या अंगात किती काळ राहतं?"

मी म्हटलं, काही प्रकार वर्षानुवर्षं राहतात.

"वर्षानुवर्षं," त्या म्हणाल्या. फोन ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी

पुन्हा फोन. आज विचारलं, मोठ्या माशात जास्त असतं की लहान माशात? मी म्हटलं, साधारणपणे जितकं जास्त वय आणि जितकं जास्त खाणं, तितकं जास्त. मग जरा थांबून, "आणि आईच्या अंगातून बाळाकडे जातं का?"

मी सावध झाले. हे प्रश्न त्यांचे नाहीत. कुणीतरी सांगून पाठवलेले आहेत, बहुधा वकील. उद्या आमच्यावर दावा ठोकायचा तर अशीच माहिती लागेल. मी तोलून मापून सांगितलं, "काही प्रमाणात जातं, असं अभ्यासात दिसलं आहे. नेमकं किती आणि त्याचा परिणाम काय, हे डॉक्टरांनाच विचारा."

काकू फोन ठेवायलाच विसरल्या. नुसती पंपांची घरघर ऐकू येत होती.

यंत्रोबाला सांगितलं की बाई पोहोचलेल्या दिसतात. तो म्हणाला, "मला तर घाबरलेल्या वाटल्या." याला माणसांचं काय कळतंय. हा यंत्राशी बोलणारा.

२४ फेब्रुवारी

एप्रन धुवायला घरी आणला होता. सकाळी टेबलावर पडला होता आणि नवऱ्याच्या हातून त्याच्यावर चहा सांडला. तो फडकं शोधायला धावला, परत येऊन बघतो तर चहा एप्रनवरून ओघळून फरशीवर आणि एप्रन कोरडा ठणठणीत.

"वा!" तो म्हणाला. "हा एप्रन तुझ्यापेक्षा गुणी आहे. काही मनाला लावूनच घेत नाही."

मी म्हटलं, "मी निवडलाय तो." फरशी पुसायला त्यालाच लावली आणि कामाला आले.

आजही कोरा नमुना तसाच. आता मला पाण्याच्या टाकीचा संशय येतोय. छतावर जाऊन पाहायला हवं.

२५ फेब्रुवारी

छतावरच्या टाकीत काहीही नाही.

शिडीवरून उतरताना एप्रनची कड खिळ्यात अडकली. सोडवायला खाली बघितलं. पत्र्यावरून टाकीच्या गळतीचे थेंब पडत होते, ते एप्रनवर पडायचे आणि मोती होऊन सुटायचे. काही वेळ मी तशीच शिडीवर उभी राहिले. पाणी ठरू नये म्हणून. डाग पडू नये म्हणून. कपड्याला काय फासलेलं असतं, हे मी स्वतः काकूंना गाडीपाशी उभी राहून शिकवलं होतं, आणि शिकवताना अंगात हाच एप्रन होता.

खाली येऊन एप्रनचा बोटभर तुकडा कापला आणि यंत्रोबाच्या हातात दिला. "हा तपास."

यंत्राचा आकडा पडद्यात मावेना. यंत्रोबाने टेबलावर डोकं टेकलं. "मी यंत्राला काय काय बोललो हो!"

"माफी माग."

त्याने खरंच मागितली.

आत्तासाहेबांकडे जाऊन सांगितलं. चूक माझी, एप्रन माझ्या निवडीचे, सगळे नमुने बाद, पुन्हा सुरुवात करावी लागेल. मला वाटलं आता विभागाची पुन्हा खुर्च्यांची खोली होणार. पण ते म्हणाले, "त्या दिवशी मी वजा करून पाठवायला सांगितलं होतं."

"हो सर."

"बरं झालं माझं ऐकलं नाहीत." मग लगेच, "नवे नमुने कधी?"

२ मार्च

पुन्हा टाक्यांवर. मी आणि यंत्रोबा दोघंही जुन्या, शंभरदा धुतलेल्या सुती कपड्यांत. हाताला क्रीमही नाही, त्यातही ही रसायनं असू शकतात. यंत्रोबा म्हणाला, "आपण तपासनीस कमी आणि रंगारी जास्त दिसतोय."

काकूंना एप्रनची गोष्ट सांगितली. कधी ना कधी कळणारच, मग माझ्याच तोंडून कळू दे. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "म्हणजे माझ्या माशांत काही नाही?"

"ते अजून माहीत नाही, काकू. आधीचे आकडे खोटे होते एवढंच माहीत आहे."

तेवढ्यात टाक्यांमागच्या घरातून त्यांची लेक बाहेर आली, आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन. एक हात कमरेवर, पाऊल जपून टाकत. सातवा महिना तरी असेल.

गेल्या पंधरवड्यातले सगळे फोन माझ्या डोक्यात उलटे फिरले. अंगात किती काळ राहतं. मोठ्यात की लहानात. आईकडून बाळाकडे. आणि मी वकील शोधत होते!

लेक आत गेल्यावर काकू टाकीच्या कठड्याला टेकल्या. आज त्यांनी अर्धं टाकलेलं वाक्य पूर्ण केलं. "ती आल्यापासून रोज एक वेळ मासा खातेय. मीच घालतेय. मोठा मासा अंगी लागतो म्हणून चौथ्या टाकीतला. विकायचा बंद झाल्यावर तर वाटलं, वाया कशाला घालवायचा. मग तुम्ही म्हणालात, वर्षानुवर्षं राहतं. तेव्हापासून बंद केलाय, पण तिला कारण सांगितलेलं नाही."

मी डॉक्टर नाही. तेवढंच सांगितलं, आणि हेही सांगितलं की हा थोड्या महिन्यांचा नाही, आयुष्यभर साठत जाण्याचा प्रश्न असतो. आकडा हातात आला की तो घेऊन डॉक्टरांकडे जा. तोवर घाबरून उपयोग नाही. "आणि तिला सांगा," मी म्हटलं.

"सांगू म्हणता?"

"तिच्या पोटातलं बाळ आहे, काकू."

यंत्रोबा गाडीत बसल्यावर म्हणाला, "मी म्हटलं होतं, घाबरल्यात." त्याचं बरोबर होतं.

११ मार्च

कोरा नमुना कोरा! यंत्रोबाने पडद्यावरची सपाट रेघ मला तीनदा दाखवली. इतकी सुंदर रेघ मी कधी पाहिली नाही.

पहिल्या तीन टाक्या मर्यादेच्या पुष्कळ खाली.

चौथी वर आहे. फार नाही, पण वर आहे. दोनदा तपासली.

यंत्रोबा हळूच म्हणाला, "एप्रनसारखी आणखी एखादी वस्तू राहिली असेल का?" खरं तर मलाही तेच हवं होतं. दिवसभर मी स्वतःचीच चूक शोधत होते, ती सापडावी म्हणून. नाही सापडली. कोरा नमुना कोरा असेल तर चौथ्या टाकीचा आकडाही खरा मानायला हवा. सोयीचं तेवढं खरं, असं करता येत नाही.

मग प्रश्न उरला की एकाच टाकीत का? पाणी एकच, जागा एकच. काकूंना फोन केला. आकडा सांगितला. त्यांनी श्वास आत घेतलेला ऐकू आला, पण आवाज स्थिर होता. मी विचारलं, चौथीला वेगळं काय आहे?

"वेगळं काय... मोठे मासे आहेत. त्यांना वाढीचं खाद्य देते. जाड गोळ्यांचं. ते वेगळ्या कारखान्याचं."

आम्ही ते तपासलंच नव्हतं. खाद्य द्या म्हटल्यावर त्यांनी रोजच्या पोत्यातलं काढून दिलं, आणि आम्हीही दुसरं आहे का विचारलं नाही. "घेऊन या," मी म्हटलं. "स्टीलच्या डब्यात."

त्या तासाभरात डबा घेऊन दारात हजर. 'सामान' अशी पाटी वाचून बाहेरच उभ्या होत्या.

१५ मार्च

वाढीच्या खाद्यात सापडलं. त्यात माशांची भुकटी आणि तेल भरपूर घातलेलं असतं. कुठल्या तरी पाण्यातल्या माशांनी गोळा केलेलं सगळं आमच्या काकूंच्या माशांच्या पोटात.

खात्याच्या नियमात टाकी पुरायची किंवा बंद ठेवून पुन्हा तपासायची, अशा दोन्ही वाटा आहेत. काही प्रकारचं रसायन माशांच्या अंगातून हळूहळू कमी होतं, खाद्य स्वच्छ असेल तर. किती कमी होईल, वेळेत होईल का, याची खात्री मी कशी देणार? आत्तासाहेबांना हेच सांगितलं, आणि तरी थांबून बघू म्हटलं. ते म्हणाले, "पुरणं सोपं आहे. एकदा पुरलं की फाइल बंद."

"हो सर."

"मग तुम्ही थांबायला का सांगताय?"

"कारण कमी होतं का, हे बघता येईल. खाद्य बदललं की काय होतं हे कळलं, तर बाकीच्या मत्स्यपालकांनाही सांगता येईल."

"थांबा मग," आत्तासाहेब म्हणाले. या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकायला बाकीचे कुणी हजर नव्हते, याचं वाईट वाटलं.

तीन टाक्या विक्रीला मोकळ्या केल्या. वाढीच्या खाद्याच्या सगळ्या पोत्यांवर काकूंनी लाल रंगाने फुली मारली. त्या कारखान्याचं नाव खात्याला कळवलं आहे.

२० मार्च

काकूंचा फोन. लेकीला सांगितलं. लेक आधी रागावली, ती माशावरून नाही, तर "मला न सांगता एकटी कुढत बसलीस" म्हणून. दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी आकडा बघितला, चौथ्या टाकीतला बंद, बाकीचा खायला हरकत नाही म्हणाले. बाळाची वाढ छान आहे. "आता ती मला चिडवते," काकू म्हणाल्या. "ताटात मासा वाढला की विचारते, आई, याचा अहवाल आलाय का?"

काकू हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

२२ एप्रिल

चौथी टाकी, पुन्हा नमुना. आकडा उतरलाय. मर्यादेच्या अजून वरच, पण उतरलाय. यंत्रोबाने दोन्ही रेघा शेजारी शेजारी लावून दाखवल्या. काकूंना कळवलं तर म्हणाल्या, "उतरू दे त्यांना सावकाश. मी काही त्यांच्या मागे लागलेली नाही." मला मात्र धीर निघत नाही. मीच आत्तासाहेब झालेय.

३० मे

मर्यादेच्या खाली! दोनदा तपासलं, तीनदा तपासलं. कोरे नमुने सगळे कोरे. यंत्रोबाने यंत्राच्या पाठीवर थाप मारली.

फोनवर काकू लगेच आनंदल्या नाहीत. "खाली म्हणजे किती? शून्य?"

"नाही काकू. शून्य नाही. शून्य आता फारसं कुठे सापडत नाही. पण मर्यादेच्या बरंच खाली."

"बरं. शून्य म्हणाला असतात तर विश्वास बसला नसता." मग आवाज बदलला. "नात झालीय. मंगळवारी. आवाज पंपांच्या वर जातो."

१२ जून

सुट्टी होती. नवऱ्याला म्हटलं, मी मासे घेऊन येते. तो म्हणाला, "तपासायला की खायला?"

टाक्यांवर चांगली रांग होती. फाटकाशी एक फळा लावलाय. चारही टाक्यांचे आकडे, तपासल्याची तारीख आणि खाली मर्यादा. असं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही, मीही नाही. चौथ्या टाकीपुढे जुना आकडाही लिहिलाय, मार्चमधला, जास्तीचा. खोडलेला नाही.

मी रांगेत शेवटी उभी राहिले. काकूंचं लक्ष नव्हतं. पुढच्या बाईने विचारलं, "हे काय हो? जास्त का होता?"

"आमच्याच खाद्यातून आलं होतं," काकू मासा तोलता तोलता म्हणाल्या. "खाद्य बदललं. आता खाली आहे. शून्य नाही हं. शून्य सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका."

ती बाई फळ्याकडे बघत राहिली आणि काही न घेता निघून गेली. काकूंनी तिला थांबवलं नाही. तिच्यामागचे गृहस्थ पुढे सरकले, "मला दोनमधला द्या." त्यानंतरच्यांनी एकमधला घेतला. पहिल्या तीन टाक्यांची जाळी सारखी वरखाली होत होती. चौथीवरचं जाळं तसंच कोरडं पडलं होतं. घरातून बाळाचं रडणं येत होतं, खरंच पंपांच्या वर.

माझी पाळी आली. "अगंबाई, तुम्ही! रांगेत कशाला?" काकू म्हणाल्या. "थांबा, एकमधला छान काढून देते."

"चारमधला द्या, काकू."

"एकमधलाही ताजा आहे हो."

"असू दे. मला चारमधला हवाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रांगेतल्या लोकांनीही बघितलं. काकूंनी कोरडं जाळं उचललं, चौथ्या टाकीवर वाकल्या आणि निवडायला लागल्या. एक वर काढला, परत सोडला. दुसरा काढला, तोही सोडला. माझ्या मागचा माणूस घड्याळ बघायला लागला.

बघू दे.